कावेरीअक्कांचा कावळा

कावेरीअक्का कधी आधी जेवल्या नाहीत. आधी कावळा जेवायचा. स्वयंपाक झाला की गरम भातावर तूप घालून त्या एक गोळा करायच्या, आमच्या सामाईक भिंतीवर ठेवायच्या आणि "का, का, का" अशी हाक मारायच्या, परसात गेलेल्या घरच्या माणसाला मारावी तशी. मद्रासला पुष्कळ घरांत ही रीत आहे, पण मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याची बदली झाली म्हणून तीन वर्षांच्या मंगलला कडेवर घेऊन मी साताऱ्याकडून नुंगंबाक्कमला आले. ट्रंकेचं कुलूप काढतेय तोवर भिंतीवर पाच-सहा कावळे उतरले. आमच्याकडे कावळ्याला जेवायला बोलावतात ते माणूस गेल्यावर, दहाव्याला.

मला मराठीशिवाय काही येत नव्हतं. मी मराठीतच ओरडले, "अहो बाई, सुतक आहे का तुमच्याकडे?"

भिंतीपलीकडून मराठीतच उत्तर आलं. "सुतक कशाचं गे? रोजचा पाहुणा आहे हा. तू कोण? नवी आलीस? काफी प्यालीस का?"

अशी आमची ओळख. त्या तंजावरच्या मराठी. पूर्वज कधीकाळी तिकडे गेलेले, त्यामुळे बोलणं जुन्या पोथीतलं आणि हेल तमिळ. चांगल्याला 'बेस' म्हणायच्या, सगळ्याला 'असकी'. पाच मुलं वाढवून, त्यांची लग्नं करून त्या मोकळ्या झाल्या होत्या. घरात मुलं तमिळच बोलायची. "मराठी आमच्याकडे रागावण्यापुरती उरली," असं त्या हसत सांगायच्या.

त्यांचा उद्योग म्हणजे चित्रांची पुस्तकं. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, दोऱ्याने शिवून त्या लहान मुलांसाठी पुस्तकं करायच्या. हळद, कुंकू, कपड्यांची नीळ, जे हाताला लागेल ते रंगाला. गोष्टी सगळ्या मायेच्या. कोणीतरी कोणासाठी काहीतरी करतं, एवढीच गोष्ट. शेवटी 'म्हणून मुलांनो' वगैरे नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पोराला असकी कळतं गे. त्याला वाचता येत नाही, एवढंच."

चित्रातला एकही हात त्या रिकामा ठेवत नसत. आजी असेल तर ती कोणाची वेणी घालत असणार, वानर असेल तर तो पिल्लाच्या उवा काढत असणार. "हात रिकामा राहिला की ते चित्र नाही, फोटो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एक अडचण होती. अक्कांना मराठी बोलता येई, पण बाळबोध लिपी लिहिता येत नसे. त्या मराठी लिहायच्या ती तमिळ अक्षरांत. मी चौथी पास. माझं अक्षर टपोरं. तेव्हा दुपारी त्या चित्र रंगवत सांगायच्या आणि मी खाली ओळी लिहायची. दोन वर्षं हे चाललं. मधे मधे भांडणंही झाली. मी म्हणायची, असं मराठीत म्हणत नाहीत. त्या म्हणायच्या, "आम्ही म्हणतो ते काय मग, तेलुगू?"

फार गोड बाई होत्या असं कोणी समजू नये. दूधवाल्याला त्या अशा झाडायच्या की त्याची म्हैस ऐकत असती तर आटली असती. मंगलशी कवड्यांचा खेळ खेळताना उघड उघड लबाडी करायच्या. पोर रडायला लागली की म्हणायच्या, "रडू नक्को. तूही कर की लबाडी."

त्यांचं सगळ्यात बेस पुस्तक काळू कावळ्याचं. एका आंधळ्या गाईला झाडाचा पाला सापडत नाही. काळू हादग्याच्या डहाळ्या तोडून तिच्यापुढे टाकतो. शेवटच्या पानावर गाय त्याला चाटते आणि त्याची पिसं ओली होऊन उभी राहतात. या पानावर मुलं हसून लोळायची. मंगलने तर मागच्या घरातल्या मुदलियारांच्या तान्ह्या बाळाला कपाळापासून हनुवटीपर्यंत चाटून काढलं. मी तिला धपाटा घातला. अक्का म्हणाल्या, "मारतेस कशाला? पुस्तक पोचलं."

पण पुस्तक एकच. आज या घरी, उद्या त्या घरी. काळूचा एक पंख कोणीतरी चघळून टाकला होता. अक्कांच्या मनात एकच होतं, हे पुस्तक छापलं जावं. "माझं फाटलं की गेलं गे. छापलेलं फाटलं तर दुसरं आणता येतं." हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या की शेवटी माझ्या नवऱ्याने मनावर घेतलं. पुण्याचे एक प्रकाशक टी. नगरला भाचीच्या लग्नाला आले होते. यांनी त्यांना धरून आणलं.

अक्का त्या दिवशी चांगलं लुगडं नेसल्या आणि कॉफी त्यांनी तीनदा गाळली. प्रकाशकांनी पानं उलटली. गाईच्या पानावर ते मोठ्याने हसले. मला वाटलं, झालं काम.

"चित्रं झकास आहेत, बाई. भाषा जरा जुनी आहे, ती आम्ही बघून घेऊ. पण कावळा नाही चालायचा."

"का?"

"लोक मुलांच्या वाढदिवसाला पुस्तक देतात. वाढदिवसाला कावळा कोण देईल? त्याचा पोपट करा. मी लगेच छापतो."

"पोपट गाईला पाला देईल?"

"गोष्टीत काय, कोणीही देईल."

"पोपट अर्धं खातो, अर्धं टाकून सोडतो. मी पाहिलाय."

"परवा माझी गाडी आहे," प्रकाशक उठत म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत हिरवा करून दिलात तर घेऊन जातो. नाहीतर राहू द्या."

ते गेले. अक्का पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी म्हटलं, "अक्का, हिरवा रंग लावा आणि मोकळ्या व्हा. इतकी वर्षं वाट बघताय."

"तुमच्याकडे इतका काय वाईट हा?" त्यांनी विचारलं. "पोरंसुद्धा भितात?"

मग मी सांगितलं. सांगण्यासारखं होतं म्हणून नव्हे, त्यांनी विचारलं म्हणून. आई गेली तेव्हा मी लहान होते. घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून दहाव्याला वडिलांनी मलाही नदीवर नेलं. पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली येईनात. ऊन चढलं. काका म्हणाले, आईचा जीव तुझ्यात अडकलाय, तिला सांग, मी नीट राहीन. मी कावळ्यांना हात जोडून सांगितलं. एकही उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "आणि मी तुला दोन वर्षं काळू लिहायला लावला! बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडून गाईचं पान काढलं. मग म्हणाल्या, "तिकडे अशी आणखी पोरं असतील."

"असतील की. माणसं सगळीकडे मरतात."

"मग त्यांना पोपट देऊया. गाईला पाला पोचला, बस्स. कोणी दिला ते गाईला कुठे दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या नव्या कागदांवर पोपट काढत बसल्या. उत्साहाने नव्हे, पण मन लावून. काळूचा राघू झाला. मी ओळी लिहिल्या. संध्याकाळी प्रकाशक घेऊन गेले.

पुढच्या वर्षी पार्सल आलं. गुळगुळीत कागद, झगझगीत हिरवा राघू. अक्कांनी पुस्तकाचा वास घेतला, शिवण ओढून बघितली, "बेस छापलंय" म्हणाल्या. मग काळ्या शाईची दौत आणि बारीक कुंचला घेऊन खाली बसल्या आणि एकेका प्रतीतला पोपट काळा करायला लागल्या. मी म्हटलं, "हे काय आता?"

"इथली पोरं काळूला ओळखतात. त्यांच्या घरी तो रोज जेवतो. त्यांना कशाला फसवू?"

गल्लीतल्या प्रत्येक घरी लाल चोचीचा कावळा गेला. एक प्रत मात्र त्यांनी बाजूला ठेवली होती, हिरवीच. "ही तुझी. हिला मी हात लावला नाही."

मी ती घरी नेली. फळीवर ठेवली. येता-जाता दिसायची. चार दिवसांनी परत घेऊन गेले आणि म्हटलं, "शाई द्या."

"नक्को गे. मुद्दाम ठेवलाय तुझ्यासाठी."

"ओळी मी लिहिल्यात. पाला कोणी टाकला ते मला माहीत आहे. द्या इकडे."

मला कुंचला धरायची सवय नाही. शाई पंखातून बाहेर पळाली, गाईचा एक कान काळा झाला. अक्का चष्मा लावून बघत होत्या. "हा कावळा नव्हे गे," त्या म्हणाल्या, "हा करपलेला पोपट." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मंगल बाहेरून धावत आली.

नंतर यांची मद्रासजवळच्याच आवडी गावाला बदली झाली. लोकल गाडीने जाणं-येणं राहिलं, मग कमी झालं. अक्का गेल्याचं मला उशिरा कळलं. झोपेत गेल्या, त्रास काही झाला नाही. भेटायला जाण्यासारखं तिथे कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी गेले नाही.

माझी प्रत अजून आहे. मंगलचा मुलगा ती घेऊन माझ्याजवळ येतो आणि विचारतो, "आजी, या कावळ्याची चोच लाल का?"

"तो आधी पोपट होता."

"मग?"

"मग मी त्याला रंग लावला."

त्याला एवढं पुरतं. तो पान उलटतो.