सरूबाईंचे वावर

सरूबाई मातीचे ढेकूळ मुठीत फोडीत, त्यातला चिमूटभर चुरा जिभेच्या टोकावर ठेवीत आणि डोळे मिटून घेत. फार लांबून कोणी हाक मारली आहे आणि तो आवाज ओळखीचा आहे की परका, हे ठरवीत असल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मग थुंकून त्या म्हणत, "गोड हाय," नाहीतर म्हणत, "खारी हाय." तिसरा शेरा त्यांच्यापाशी नव्हता.

त्या गेल्यापासून त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि थोडेफार छापलेही गेले आहे. छापणारे लिहितात की त्या पर्यावरणाच्या रक्षणासाठी यंत्रापुढे उभ्या राहिल्या. हा शब्द सरूबाईंनी जन्मात उच्चारला नाही. गाव सांगते की लोकांची वावरे गाळाने आधी भरली म्हणून मत्सराने त्यांनी काम बंद पाडले. हे तर त्याहून असत्य आहे. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. चूक दिसली की माझा हात थांबत नाही. शिवाय त्यांच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून माझे वावर आहे. तेव्हा मी सांगतो ते ऐकावे.

आमचे गाव बाळापूरकडचे. या पट्ट्यात वरची काळी माती गोड आणि तिच्या पोटातली पिवळी माती खारी. विहिरीचे पाणीही खारेच. नाल्याकाठची काही वावरे तेवढी गोड्या पाण्यावर जगतात. त्यांतल्या एकात सरूबाई शेवंती आणि वांगी लावीत. माझे वावर वरचे, त्यांचे खालचे. कार्तिकात मी धुऱ्यावर उभा राहिलो, की खाली सगळे पिवळे दिसे आणि त्या पिवळ्यातून त्यांचे हिरवे लुगडे हळूहळू सरकत जाई. पाय दिसत नसत. त्या चालत नसून वाहत आहेत, असा भास होई.

त्या श्रावणात नाला वावरात शिरला. दोन दिवसांनी पाणी ओसरले, तेव्हा आम्ही दोघे पाहायला गेलो. धुरा नाहीसा झाला होता. माझे कुठे संपते आणि त्यांचे कुठे सुरू होते, ते कळेना. काळी माती खरवडून गेली होती, खाली गोटे उघडे पडले होते आणि मध्ये साचलेल्या पाण्यात पांढरे ढग इतके स्वस्थ पडले होते, की पाऊल टाकायला भीती वाटावी. बगळे त्या ढगांवर उभे होते. सरूबाईंनी वाकून त्या पाण्यात बोट बुडवले.

"गुरुजी, आभाय खाली आलं," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यात काई पेरता येत नाई."

त्याच पुरात पाळ फुटून गावचा तलाव रिकामा झाला होता. ग्रामपंचायतीने त्यातला गाळ काढून वावरांत टाकण्याची परवानगी मिळवली. परवानगीपत्रात अटी होत्या. गाळ ठरल्या खोलीपर्यंतच काढावा, खालची मूळ माती उकरू नये, नाल्यातली रेती उचलू नये, काठची झाडे तोडू नयेत. सरूबाईंना वाचता येत नसे. त्यांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि पत्रातले मीटरचे माप स्वतःच्या अंगावर लावून पाहिले. ते कमरेशी आले.

"कमरेच्या खाली जायचं नाई," त्या म्हणाल्या. "हे लिवणारानं माती चाखली असंन बाप्पा."

मी हसलो. लिहिणाऱ्याने खुर्चीवर बसून लिहिले असेल, असे मी त्यांना समजावले. त्यांना ते पटले नाही.

चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला. सरूबाईंचा क्रम शेवटून दुसरा आणि माझा शेवटचा. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती. जेसीबी दिवसभर गुरगुरे, ट्रॅक्टर भरभरून जात, आणि एकेक वावर पुन्हा काळे होत जाई. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण गाव नेमके हेच विसरते: इतरांची वावरे भरली जात असताना सरूबाईंनी ब्रही काढला नाही. यंत्र त्यांनी थांबवले ते स्वतःच्या क्रमाला.

त्या सकाळी तलावावर धुके होते. वरचा गाळ संपत आला होता. चालकाने बकेट आणखी खाली घातले, आणि वर आली ती हळदीसारखी पिवळी माती. सरूबाई खड्ड्यात उतरल्या. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि लगेच थुंकल्या.

"बंद कर भाऊ. खारी हाय."

उपसरपंच काठावर उभे होते. ते म्हणाले, "बाई, मातीच हाय ना? वरून पानी पडलं का धुऊन जाईन. तुमचंच वावर भरून राहिलो, अन् तुमीच आडव्या येता काहून?"

"मायंच वावर हाय म्हून सांगतो. कागदात लिवलं हाय, कमरेच्या खाली जायचं नाई. तुमी तर मानेच्या खाली गेले."

"सरका बाजूले. मशीनचं भाडं चढून राहिलं."

"मी नाई सरकत. उचला मले बकेटात, अन् टाका नेऊन वावरात. मी तरी गोड हावो."

चालक हसला आणि त्याने इंजिन बंद केले. धुक्यात एकदम इतकी शांतता झाली, की पलीकडच्या काठावरची टिटवी ऐकू आली. कमरेइतका खड्डा केव्हाच मागे पडला होता. त्या खोल पिवळ्या जागेत उभ्या सरूबाईंचे फक्त डोके दिसत होते.

त्यांना बोल लावणाऱ्यांत त्या दिवशी सर्वांत मोठा आवाज माझा होता. इतरांना आज स्वतःचे शब्द आठवत नाहीत. मला माझे आठवतात. मी म्हणालो, "सरूबाई, तुमचे तर गेलेच, आता माझेही घालवता?"

त्या मान वर करून म्हणाल्या, "तुमचं वाचवून राहिली, गुरुजी. तुमाले वाचता येते, चाखता नाई येत."

यंत्र परत गेले आणि आमची दोघांची वावरे तशीच उघडी राहिली. वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

उपसरपंचांनी एका रविवारी, कार्यालय बंद असल्याचे पाहून, ती पिवळी माती आपल्या वावरात नेऊन टाकली. पुढच्या चैत्रात त्या वावरावर मिठासारखी पांढरी पापडी धरली, आणि आजतागायत तिथे धड गवतही उगवत नाही. सरूबाई तिथून जाताना कधी थांबल्या नाहीत, की काही बोलल्या नाहीत.

त्यांनी आपले वावर टोपल्यांनी दुरुस्त करायला घेतले. पाण्याने पाडलेल्या घळींत त्यांनी गोटे आडवे रचले. काठच्या करंजाला हात न लावता नाल्यातली बेशरमाची झाडे तोडून आणली आणि त्यांच्या काड्या गोट्यांमागे रोवल्या. ताग पेरला आणि फुलावर आला तसा गाडला. दोन हंगाम शेवंती नव्हती. बाळापूरच्या बाजारात त्या रिकाम्या हाताने जात आणि दुसऱ्यांची फुले पाहून येत.

मी मात्र गावालगतच्या माझ्या दुसऱ्या वावरातली काळी माती ट्रॅक्टरने आणून नाल्याकाठचे वावर एका आठवड्यात सपाट केले. सरूबाईंनी धुऱ्यावरून हाक दिली, "गुरुजी, उतार तसाच हाय जी. आडवं काई तरी टाका."

"मला शिकवू नका," मी म्हणालो. वर्षभरानंतरचे माझे हे पहिले वाक्य.

पुढच्या भाद्रपदात नाला पुन्हा आला. मोठा नव्हता, पण माझ्यापुरता पुरेसा होता. सकाळी पाहतो तो माझ्या वावरात गोटे, आणि खाली सरूबाईंच्या प्रत्येक आडव्या रांगेमागे ओली, मऊ, काळीभोर माती बसलेली. त्या तिच्यावर उकिडव्या बसल्या होत्या आणि बोट रोवून खोली पाहत होत्या. सकाळचे ऊन त्या मातीवर तेलासारखे पसरले होते. मला पाहून त्या उठल्या.

"गुरुजी, तुमची माती माया वावरात आली. टोपलं आना, घेऊन जा."

"राहू द्या," मी म्हणालो.

"रागानं म्हनता का खुशीनं?"

मी चपलेचा चिखल झटकू लागलो. त्यांनी पदराआड तोंड लपवून हसू दाबले. दुसऱ्या दिवशी मी पहिला गोटा आडवा ठेवला, तेव्हा दुसरा आणून ठेवणाऱ्या त्याच होत्या.

त्याच कार्तिकात त्यांच्या वावरात पुन्हा शेवंती फुलली. गेल्या हिवाळ्यात त्या अकोल्याला मुलीच्या घरी तापाने वारल्या. वावर अर्धवट राहिल्याच्या दुःखाने त्या खंगल्या, असे लोक सांगतात. खंगणारी बाई आजारपणात मुलीला वाफ्यांतले अंतर समजावून सांगत नाही. मुलगी माझी विद्यार्थिनी. आता ती दर आठवड्याला येऊन वावर पाहते. परवा तिने फुलांचा वाटा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आईनं सांगून ठेवलं होतं, गुरुजींची माती हाय, त्याईचा वाटा दिल्याबगर विकू नको."

मी फुले घेतली. त्या शेवंतीच्या मुळांशी चार बोटे माती माझी आहे, हे खरे आहे. ती मी कधी परत मागितली, असे जे गावात सांगतात, ते मात्र साफ खोटे आहे.