बियाण्यातलं पदक

अंगणात नवं भात वाळायला टाकलं की त्या उबदार वासाबरोबर मला तलासरीच्या डोंगराकडचं एक घर आठवतं. माझ्या पलटणीतल्या मित्राचं. चकमकीत मी जखमी झालो, तेव्हा त्याने मला पाठीवर घालून खाली आणलं आणि दुसऱ्याला आणायला तो परत वर गेला. तो आलाच नाही. मागाहून सरकारने त्याला शौर्यपदक दिलं. बरा झाल्यावर मी कुबडी टेकत त्याच्या आईला भेटायला गेलो. कुडाच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, पदक मात्र कुठेच दिसेना. मला रागच आला. "आई, पदक कुठाय?" तिने कोपऱ्यातल्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि भातातून फडक्याची पुरचुंडी वर काढली. "इथे कशाला ठेवलंस?" "बियाणं हाय ते, बाबा. आम्ही उपाशी निजू, पण बियाण्याला कोणी हात नाय लावीत." निघताना तिने त्यातलंच ओंजळभर भात माझ्या रुमालात बांधून दिलं. ते मी सरावलीला माझ्या शेतात पेरलं. आज अंगणात वाळतंय ते त्याचंच. यातलं बियाणं बाजूला काढल्याशिवाय आमच्या घरात नवा तांदूळ शिजत नाही.