चिमूटभर नव्हे, मूठभर हळद

भर दुपारी घाटात आमच्या गाडीचा रेडिएटर गळू लागला. मदत केंद्रातली मुलगी दर फोनला गोड आवाजात सांगायची, "सर, पाऊण तासात माणूस पोहोचेल." असे तीन पाऊण तास गेले. इंजिन तेवढं गार झालं.

मग एक ट्रक आपणहून थांबला. ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "ताई, हळद आहे का?" तिने सांगलीहून घेतलेली पुडी काढली. तिने मूठभर हळद पाण्यात कालवून दिली, त्याने ती रेडिएटरमध्ये ओतली. गळती थांबली. ज्याला यायचंच असतं, तो वेळ सांगत बसत नाही.

घाटमाथा दिमाखात ओलांडताना फोन वाजला. "सर, आमचा माणूस निघतोय."

बायकोने पिवळ्या हाताने फोन घेतला. "त्याला म्हणावं, हळद घेऊन नीघ."