शालीतला कन्सोल

वडीगोद्रीत आमच्या शेजारी मोबाइल दुरुस्त करणारा एकजण राहतो. चाळिशी उलटली तरी टीव्हीला कन्सोल जोडून गेम खेळतो, आणि खेळण्यापेक्षा कंपन्यांना शिव्याच जास्त घालतो.

"काका, पैसे पुरे घेतेत अन् गेम अर्धाच देतेत. बाकीचा मंग अपडेटमधी!"

एवढं मोठं अपडेट गावातल्या नेटवर उतरत नाही. मग हा गडी गेम खेळायचा तो डबा, म्हणजे कन्सोल, शालीत गुंडाळतो आणि तापलेलं पोर दवाखान्यात न्यावं तसा मोटरसायकलवरून जालन्याला, बहिणीच्या घरच्या वायफायवर घेऊन जातो.

परवा त्याने नवा कन्सोल आणला. जुन्या गेमच्या डिस्क मांडीवर घेऊन तो त्या डब्याच्या चारी बाजूंनी बोट फिरवत राहिला. डिस्क घालायला फटच नव्हती.

"लुटलं, काका. बिलकुल लुटलं. आता यांचं तोंड बघणार न्हाई."

मला वाटलं, सुटला एकदाचा.

तेवढ्यात नव्या कन्सोलला जोडलेल्या टीव्हीवर सूचना आली, आधी अपडेट करा. त्याने उठून जुन्या कन्सोलवरची शाल ओढली, नव्याला गुंडाळली आणि म्हणाला, "काका, जरा गाडीवर मागं धरून बसता का? नवं हाय, दणके बसतील."

जालना येईपर्यंत मी ते मांडीवर सांभाळत बसलो.