उसन्या कपांतला चहा

आम्ही ठाणं सोडलं त्या दिवशी आमच्या बिऱ्हाडात एकही कप उरला नव्हता. भांडी विकली होती, पलंग माझ्या भावाकडे गेला होता, आणि सतरंजीच्या वळकटीवर आमची लेक रूथ पाय हलवत बसली होती. टॅक्सी दारात येऊन उभी होती. आणि माझी आई? आई शेजारच्या जोशीणबाईंकडे कप मागायला गेली होती. कारण काय, तर टॅक्सीवाला उन्हातून आलाय, त्याला चहा द्यायचा होता!

"आई, विमान चुकेल गं," मी खेकसलेच तिच्यावर.

"कुठे जात नाही तुझं विमान. दारात आलेल्या माणसाला कोरडं घालवायचं का?"

टॅक्सीवाल्यानं चहा पिता पिता सहज विचारलं, "लेक एवढी लांब चाललीय, आजी, तुम्हांला करमेल का?" आई म्हणाली, "न करमायला काय झालं? मुलगा आहे, सून आहे. सगळं छान आहे आमचं." आणि आत जाऊन तिनं पदरानं डोळे पुसले. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. आमच्यात तशीच रीत आहे. हे बासष्ट सालचं.

आपल्या मराठी ज्यूंपैकी तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्हां दोघांनाही ही रीत ठाऊक आहे. ती मी इथे ज्यूंच्या या नव्या देशात, अश्केलोनला आल्यावर कशी मोडली, ते सांगायला बसलेय.

ठाण्यात मी मास्तरीणबाई होते, साडीला इस्त्री आणि पर्समध्ये खडू. इथे सकाळी संत्री पॅक करते. सालीच्या तेलानं बोटं अशी फाटतात की भाकरीचं पीठ मळताना जीव जातो. पण उल्पानमध्ये, म्हणजे हिब्रूच्या वर्गात, मी भराभर शिकले, आणि इंग्रजी होतंच. त्यामुळे आमच्या लोकांना ऑफिसात जायचं झालं की मला हाक यायची. मग आम्ही चारपाच जणांनी सिनेगॉगच्या बाहेरच्या खोलीत बसायला सुरुवात केली. कुणाला काम हवं, कुणाला औषधाची सवलत, कुणाला पेन्शन. आपली माणसं बिचारी खिडकीपर्यंत जात आणि पुढच्यानं जरा आवाज चढवला की "बरं साहेब" म्हणून परत येत. मी नव्हते तशी परत येत. ओरडणाऱ्यावर मी दुप्पट ओरडत असे. नवरा, डॅनियल, म्हणायचा, "तुला इथे मोकळं रान मिळालं." खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते.

मिल्कामावशी आमच्याच शिकूनमध्ये, म्हणजे सरकारी चाळीवजा इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, पण पेणकडची, आणि आल्याबरोबर तिनं मला जेवायला बोलावलं होतं, म्हणून मावशी. तिचे यजमान रूबेनकाका माटुंग्याला वर्कशॉपात फिटर होते. इथे आल्यावर वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. मूल नाही, बाळ नाही. मावशी दुसऱ्यांच्या जिन्यांना पोतेरं घालायची आणि घरी येऊन या उंचपुऱ्या माणसाला उचलायची, बसवायची, धुवायची.

तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. तळमजल्याची खोली, आणि सकाळच्या वेळी काकांपाशी कुणीतरी बाई. नाहीतर काकांना हैफाच्या संस्थेत ठेवा, असं डॉक्टर म्हणत होते. हैफा म्हणजे देशाचं दुसरं टोक. "मी असेपर्यंत ते परक्याच्या हातचं जेवणार नाहीत," मावशी म्हणाली. मी सआदमध्ये, म्हणजे सरकारी मदतीच्या ऑफिसात, अर्ज केला. तिथली बाई घर बघायला येणार असं ठरलं.

मी मावशीला दहादा बजावलं. "हे बघ मावशी, घर आहे तसं ठेवायचं. आवराआवर नको, चहापाणी नको. काय त्रास होतो ते धडाधड सांगायचं. त्या बाईला तुझे हाल दिसले पाहिजेत." मावशी मान डोलवत राहिली. "हो गं बाई, कळलं मला."

कसलं डोंबल कळलं! मी सआदच्या बाईला घेऊन वर गेले आणि दारातच थबकले. फरशी लखलखीत. खालच्या मोरोक्कोवालीच्या खुर्च्या वर आलेल्या. पलंगावर लग्नातली चादर. मावशी जरीकाठाच्या साडीत, हातात कुणाच्या तरी बांगड्या. काम व्हावं म्हणून तिनं आपल्या इलियाहू हन्नबी पैगंबराला नवसाचा मलिदा बोलला होता, तोही आजच केलेला. पोहे, गूळ, मुंबईहून जपून आणलेलं खोबरं, खजूर, सगळं ताटात मांडलेलं. आणि रूबेनकाका! अंघोळ घातलेले, दाढी केलेले, कोट घातलेले, मागे उशा लावून खुर्चीत बसवलेले. बाई आत येताच त्यांनी डावा हात कपाळाला लावून "शालोम" म्हटलं.

सआदची बाई रुमानियाची, वयानं लहान, स्वभावानं वाईट नव्हती. तिनं चहा घेतला, मलिदा खाल्ला, वा वा म्हणाली. मग विचारलं, कसं चाललंय तुमचं? मी भाषांतर करायला तोंड उघडणार, इतक्यात मावशी स्वतःच बोलली. उल्पानमध्ये तिला एकच वाक्य नीट जमलं होतं.

"हाकोल बेसेदेर."

सगळं छान आहे. झालं! मी मागाहून पुष्कळ सांगितलं हो, की असं नाही, तसं आहे, या खुर्च्याही हिच्या नाहीत. पण ती बाई एकदा माझ्याकडे बघे, एकदा मावशीच्या हसऱ्या तोंडाकडे. मला म्हणाली, तुम्ही जरा वाढवून सांगता.

अर्ज नामंजूर झाला. कुटुंब व्यवस्थित आहे, रोगी खुर्चीत बसू शकतो, असा शेरा. मी मावशीवर अशी भडकले की जिन्यात लोक जमले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, पहिल्यांदा घरात आलेलं माणूस. तिच्यापुढे नवऱ्याचे हाल मांडू का?" तेव्हा मला आईचे ते मागून आणलेले कप आठवायला हवे होते. नाही आठवले.

त्याच हिवाळ्यात काकांना उचलताना मावशीची कंबर धरली. ती पलंगावर पडली आणि काकांना हैफाला नेलं. खाली उतरवताना जिन्यात ते लहान मुलासारखे रडत होते, आणि वर पडल्या पडल्या मावशी ते ऐकत होती. नंतर ती हिंडूफिरू लागल्यावर मी तिच्याबरोबर एकदा हैफाला गेले. जागा स्वच्छ होती, नर्सेस चांगल्या होत्या. पण मराठीचा एक शब्द बोलणारं कुणी नाही, म्हणून काकांनी बोलणंच सोडलं होतं. मावशीनं त्यांना भात भरवला. त्यांनी डोळ्यांनीच काहीतरी विचारलं. "सगळं छान आहे घरी," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मात्र ती माझ्याकडे वळली. "तू सांगशील तसं करते. पण ह्यांना घरी आण."

मी पुन्हा अर्ज केला, ऑफिसात आरडाओरडा केला, डॉक्टरांना गाठलं. तीच बाई पुन्हा आली. वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता, जीव नुसता तगमगत होता. या खेपेला सगळं माझ्या मनासारखं होतं. एकच खुर्ची. मावशी पोतेऱ्याच्या साडीत. चूल थंड. बाई विचारत गेली, मी मराठीत सांगत गेले, मावशी उत्तरं देत गेली. काका घरी होते तेव्हा त्यांना कसं धूत होता? अंथरूण ओलं झालं की काय करत होता? रात्री खाता काय? मावशीनं एकेक डबा उघडून दाखवला. तळाशी तांदूळ, एकात नुसतंच मीठ. फाटलेल्या चादरी दाखवल्या. मग पाठ फिरवून, पदर सोडून, कंबरेचा पट्टाही दाखवला. मी भाषांतर करत होते. माझा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

शेवटी त्या बाईनं घाम पुसला आणि विचारलं, जरा पाणी मिळेल का?

मावशी उठली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "देऊ का गं पाणी?"

देवा रे! जन्मभर जिच्या दारातून कुणी कोरडं गेलं नाही, ती बाई पाणी द्यायला माझी परवानगी मागत होती. मी मान हलवली. तिनं पेला भरून दिला आणि पुन्हा भिंतीला टेकून खाली बसली.

अर्ज मंजूर झाला. तळमजल्याची खोली मिळाली, सकाळी एक इराकी बाई येऊ लागली, आणि काका घरी आले. सिनेगॉगमध्ये सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मीही चार दिवस ताठ मानेनं हिंडले.

मग एका संध्याकाळी त्यांना भेटायला गेले. काका खिडकीशी होते, पोरांचा चेंडू बघत. पुन्हा बोलू लागले होते, अर्ध्या तोंडानं का होईना. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मावशी समोर बसून तांदूळ निवडत होती. काका म्हणाले, "अगं, पोरगी केव्हाची आलीय. चहा ठेव की."

"नको," मावशी म्हणाली. "ती सआदच्या कामाची माणूस. तिच्यासमोर चहा चालत नाही."

मी हसले. "पुरे हं मावशी थट्टा!" पण ती थट्टा करत नव्हती, रागावलीही नव्हती. नियम सांगावा तसं सांगून ती पुन्हा तांदळातले खडे बघू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. काका एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं मी उठले. तिनं बसही म्हटलं नाही.

काकांना हैफाहून आणायचं होतं, आणि दुसरा रस्ता मला आजही दिसत नाही. पण फार वाईट वाटतं हो. ज्या देशानं मदत दिली त्यानं आधी तिचे डबे उघडायला लावले, आणि ते उघडायला शिकवणारी मी. आता ती माझ्यापुढे कधी चांगली साडी नेसणार नाही. माझ्यापासून झाकायला तिच्याकडे काही उरलेलंच नाही.

घरी येऊन आईला पत्र लिहिलं. डॅनियलचं काम अजून पक्कं नाही, रूथला मराठीत विचारलं तर ती हिब्रूत उत्तर देते, माझी बोटं फाटलीत, यातलं काही लिहिलं नाही. इथे सगळं छान आहे, असं लिहिलं. आईला ते खोटं आहे हे कळणार, आणि तीही उत्तरात तेच लिहिणार.

तुमच्यातले कितीतरी विचारतात, आता घर म्हणायचं कशाला, ठाण्याला की अश्केलोनला? मला एवढंच कळतं. ज्या दारात उभं राहून मला "सगळं छान आहे" म्हणता येतं, आणि समोरचं माणूस सगळं ओळखूनही काही न विचारता शेजारी कप मागायला जातं, ते माझं घर. तसं एक दार मला इथेही होतं, तिसऱ्या मजल्यावर.