गुरुवारच्या वर्गातला रविवार

चाकणमध्ये मी कामगारांना इंग्रजी शिकवतो आणि चांगलं शिकवतो; उगाच नम्रतेचा आव आणत नाही. इकडे बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून माझा वर्गही गुरुवारी. नियम एकच. नवा शब्द शिकला की त्यावर स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य फळ्यावर लिहायचं. पुस्तकातलं चालणार नाही.

त्या दिवशी ‘लाँग फॉर’ शिकवलं. नुसतं हवं असणं नव्हे, आतून आस लागणं. कुणी गावाकडची आई लिहिली, कुणी स्वतःचं घर. गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करणाऱ्या एका ताईंनी इंग्रजीत लिहिलं, मला रविवारची आस लागली आहे.

मी हसलो. “ताई, क्रियापद फार मोठं झालं. रविवार काय, दर आठवड्याला येतो. साधं ‘वाँट’ लिहा.”

ताई इथल्याच जुन्या गाववाल्यांच्या घरातल्या, भिडस्त मुळीच नव्हत्या. “येतो की सर. पण माझी सुट्टी गुरुवारी, तवा पोरगी शाळेत. तिची रविवारी, तवा मी कंपनीत. दुसरीत हाय ती. शाळेत घातल्यापासून, सणवार आन् मोठ्या सुट्ट्या सोडल्या तर, आमाला एक अख्खा दिवस सोबत मिळाला न्हाई.”

इतकी वर्षं गुरुवारी शिकवूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली. वाक्य मी तसंच राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात, रविवारी सुट्टी देणाऱ्या एका कंपनीत त्यांची मुलाखत होती, तीही इंग्रजीत. मी ठेवणीतलं उत्तर पाठ करून घेतलं: मला कंपनीबरोबर प्रगती करायची आहे, वगैरे. पुढच्या वर्गाला त्यांनीच सांगितलं, ते त्यांनी म्हटलंच नाही. ही नोकरी का हवी, असं विचारल्यावर सरळ फळ्यावरचं वाक्य सांगितलं, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचं कारणही.

नंतर एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. नोकरी लागली होती, आज पहिली सुट्टी होती, आणि आता गुरुवारी वर्गाला येता येणार नव्हतं. बोलता बोलता मागून मुलीचा आवाज आला, “आई, आज किती वाजता जाणार?”

“आज न्हाई जायचं.”

मुलीने पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग मला म्हणाल्या, “सर, ठेवते आता.”