परत आलेले तेवीस किलो

माझं खरं वजन मला पहिल्यांदा कळलं ते निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत. बेळगावात आमच्या डॉक्टरांकडचा काटा एकशेवीस किलोंपर्यंतच होता. मी त्यावर उभी राहिले की सुई टोकाला जाऊन अडायची. माझं ऑपरेशन करणार होते त्या मुंबईच्या सर्जननी तर पत्रातून नेमका आकडा मागवला होता. आई म्हणाली, आमच्या वखारीत ये, तिथं पोती तोलायचा मोठा काटा आहे.

आई त्या वखारीत तंबाखू निवडायला जायची आणि उरलेल्या वेळात घरी विड्या वळायची. मी गेले तेव्हा दहाबारा बायका कामाला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर त्या लोखंडी फळीवर चढायचं म्हणजे मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आईनं ते ओळखलं. ती मुकादमाला म्हणाली, आधी माझं बघा, आणि स्वतःच चढून उभी राहिली. अडतीस किलो. बायका हसायला लागल्या, कुणीतरी म्हणालं, म्हातारीपेक्षा पोतं बरं. त्या हसण्यातच तिनं माझा हात धरून मला वर ओढलं. मुकादमानं माझा आकडा मोठ्यानं वाचला नाही. चिठोऱ्यावर लिहून तो आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. एकशे अठ्ठावीस. त्या माणसाशी मी आयुष्यात चार वाक्यंही बोललेली नाही, पण त्याची ती चिठ्ठी मी विसरले नाही.

हे सगळं ऐंशी साल उलटल्यानंतरचं. मी तेव्हा येळ्ळूरच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. नवरा पोस्टात कारकून. टिळकवाडीत आम्ही दोघं दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. वडील माझ्या लहानपणीच गेले होते आणि आईनं विड्या वळून मला शिकवलं होतं. ज्या दिवशी कारखान्यात विड्या नापास होऊन परत यायच्या, त्या संध्याकाळी घरात एकच भाकरी असायची. ती आई माझ्यापुढं सरकवायची आणि स्वतः कोरा चहा प्यायची. त्यामुळं असेल, नोकरी लागल्यावर मी जेवायला बसले की पोट भरलं हे मला कळायचंच नाही. पहिल्या पाचसहा वर्षांत मी अशी काही सुटले की ओळखीचे चकित व्हायचे. आईला मात्र त्याचा अभिमान होता. माझी लेक भरली, असं ती शेजारणींना सांगायची.

पुढं गुडघे गेले, रक्तात साखर निघाली. शाळेच्या चार पायऱ्या चढल्यावर फळ्याशी उभं राहून दम घ्यावा लागायचा. एसटीत दोघांच्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही. माझा दीर मुंबईच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत होता. त्यानं कळवलं की परदेशात शिकून आलेले एक सर्जन पोट लहान करायचं ऑपरेशन करतात, अजून फार थोड्या लोकांवर केलंय. आमच्याकडं असं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यानं मला तीन वेळा विचारलं, तुला स्वतःला करायचंय का, की लोक बोलतात म्हणून? तिन्ही वेळा मी हो, मलाच करायचंय, असं सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. निघताना सर्जननी सगळं समजावून सांगितलं. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, गोड आणि पातळ पदार्थांपासून जपायचं, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. मग म्हणाले, "वजन वाढलं तरी या. वाढलं तर आधी या." मी मान डोलावली. वाढेल असं तेव्हा मला स्वप्नातही वाटत नव्हतं.

दोन वर्षांत मी ब्याऐंशी किलोंवर आले. लोक हळू आवाजात नवऱ्याला विचारायचे, बाईंना क्षय तर नाही ना झाला. आई मला बघून रडली. तिच्या लेखी तिनं भरवलेलं सगळं कुणीतरी काढून नेलं होतं. मी मात्र हवेत होते. पहिलीच्या वर्गात मुलांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसले तो दिवस मला अजून आठवतो. एका मुलीनं माझ्या मांडीवर पाटी ठेवली आणि लिहायला लागली. मला तिथून उठवेना.

तिसऱ्या वर्षी ते सुरू झालं. भाकरी घशाखाली उतरताना अडायची, छातीत दुखायचं, कधीकधी उलटून पडायची. गोड चहा मात्र सरळ उतरायचा. चहात बुडवलेलं बिस्किट उतरायचं. आणि खव्याचा कुंदा तर लोण्यासारखा उतरायचा. बेळगावात कुंदा न खाणारा माणूस सापडणं कठीण, त्यामुळं पावशेर कुंदा घेतला तर दुकानदार काही विचारत नाही. मी तो पिशवीत वह्यांच्या खाली ठेवायची आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून खायची. घरी नवऱ्यासमोर चार घास खाऊन ताट बाजूला सारायची. तो बिचारा म्हणायचा, किती कमी जेवतेस गं.

ब्लाउज दाटायला लागले तेव्हा मी ते धुण्यात आटले असं म्हटलं. मुंबईला जायची वेळ आली की परीक्षा निघायच्या, तपासणीला साहेब यायचे. सर्जनच्या दवाखान्यातून एक कार्ड आलं, बरेच दिवसांत आला नाहीत म्हणून. ते मी ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली घालून ठेवलं. ज्या माणसानं माझ्यासाठी इतकं केलं, त्याला हे शरीर कोणत्या तोंडानं दाखवायचं? रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रातून तिकीट निघालं, त्यावर एकशे पाच होते. तेवीस किलो परत आले होते. मी ते तिकीट फाडून रुळांवर टाकलं.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडं राहायला आली. तिचे बहुतेक दात गेले होते आणि वखारीचं काम तिला झेपत नव्हतं. एका दुपारी तिनं मला चष्मा द्यायला म्हणून माझी शाळेची पिशवी उघडली आणि तिला कुंद्याचा पुडा सापडला. तिनं तो माझ्यापुढं ठेवला, ओरडली नाही. मी रडायला लागले. सगळं सांगितलं, ट्रंकेतल्या कार्डासकट.

ती बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला दिसत हुतं गं. पण तुला खाऊ नगं म्हनायला माझी जीभ उचलली न्हाय. लहानपनी लई येळा तुला उपाशी झोपवलंय मी."

मी तिला म्हटलं, त्यात तुझी काय चूक. ती म्हणाली, चूक कुणाची ते राहू दे, डॉक्टरकडं कधी जायचं ते सांग. मी लाज वाटते म्हणाले. "मग मी येतो तुझ्यासंगं," ती म्हणाली. आमच्या भागातल्या बायका मी येतो असंच म्हणतात. नवऱ्याला संध्याकाळी मी स्वतः सांगितलं. तो इतकंच म्हणाला की मला आधी सांगितलं असतंस तर एकटीनं खावं लागलं नसतं. त्याच आठवड्यात त्यानं तिकिटं काढली.

मुंबईला मी मनाची तयारी करून गेले होते की आता बोलणी बसणार. सर्जननी पोट तपासलं, एक्स-रे फोटो काढायला लावले आणि टाके शाबूत आहेत, पोट थोडं सैलावलंय असं सांगितलं. मग कागद पुढं ओढून विचारत राहिले: सकाळी काय खाता, कशानं अडतं, अडल्यावर काय करता. मी कुंद्याबद्दल सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले की भाकरी अडते आणि गोड सरकतं, म्हणून माणूस गोडाकडं वळतो. बऱ्याच पेशंटचं असं होतं, आणि ते लपवतात म्हणून आम्हाला उशिरा कळतं. पुन्हा ऑपरेशन करून घेऊ का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवता कुणाबरोबर?"

उत्तर आईनं दिलं. "आजपासनं माझ्याबरोबर," ती म्हणाली.

ती निपाणीला परत गेलीच नाही. चार दात उरलेली माझी आई जेवायला बसली की अर्धा पाऊण तास घ्यायची. भाकरी आमटीत कुस्करून, एकेक घास तोंडात इकडून तिकडे घोळवत. मी तिच्यासमोर बसायची आणि तिनं गिळल्याशिवाय पुढचा घास घ्यायची नाही. पहिले काही दिवस माझा जीव जायचा. मला भूक नव्हती, घाई होती, हे मला तिथं बसून कळलं. महिनाभरात एक दिवस भाकरी अडलीच नाही. कुस्करलेली, मऊ झालेली, सावकाश गेली तर ती माझ्या पोटालाही चालत होती. चहातली साखर आईनंही सोडली. तिला साखरेचा काही त्रास नव्हता, पण ती म्हणाली, एका घरात दोन भांड्यांत चहा कशाला.

सर्जननी चालायला सांगितलं होतं. मी सकाळी वडगावला बसमधून उतरून पुढं येळ्ळूरपर्यंत पायी जायला लागले. त्याच वेळी येळ्ळूरच्या काही शेतकरी बायका बाजारात भाजी विकून बांबूच्या रिकाम्या बुट्ट्या घेऊन घरी परतायच्या. त्यांची मुलं माझ्याच शाळेत. शहरात माझ्या अंगाकडं बघून लोक नजर वळवायचे. इथं पहिल्याच दिवशी त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई म्हणाली, "बाई, मधी वाळलासा आनि आता परत सुटलासा की."

मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. चालता चालता मी त्यांना पोटाच्या ऑपरेशनचं सांगितलं. नवरा, आई आणि डॉक्टर सोडून हे मी कुणाशीच बोलले नव्हते. त्यांनी खूप प्रश्न विचारले. कुठं कापलं, दुखलं का, मग उरलेलं पोट कुठं गेलं. तिथंच आहे म्हटल्यावर त्या विचारात पडल्या. नंतर मात्र मी एखाद्या दिवशी चालायला आले नाही तर दुसऱ्या दिवशी त्या जाब विचारायच्या.

एकदा उन्हात मला चक्कर आली. मी रस्त्याकडेच्या बांधावर बसले. त्या वयस्कर बाईनं बुट्टीतला आपला तांब्या काढला, माझ्या हातात दिला आणि मी तोंड लावून प्यायल्यावर उरलेलं पाणी ती स्वतः प्यायली. आम्ही बौद्ध आहोत हे तिला चांगलं माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. घरी आईला हे सांगितलं तर तिनं मला दोनदा विचारलं, तोंड लावून? तिच्या तरुणपणी तिला पाणी उंचावरून ओंजळीत ओतलं जायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, त्या बाईसाठी. मग बरीच वर्षं त्या दोघी एकमेकींना न बघता डबे पाठवत राहिल्या.

मी पुन्हा ब्याऐंशी किलोंची झाले नाही. वर्षभरात दहा किलो गेले आणि पुढं वजन पंच्याण्णवच्या आसपास राहिलं. सणावाराला दोन चढायचे, मग उतरायचे. मुंबईला मी दर सहा महिन्यांनी जात राहिले, चढलेलं असलं तरी. गुडघे टिकले, साखर आटोक्यात राहिली, आणि निवृत्तीपर्यंत मी त्या चार पायऱ्या न थांबता चढले.

सर्जननी मला निम्मं काम करून दिलं, असं मी पूर्वी म्हणायची. आता तसा हिशेब करत नाही. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी एका भेटीत ती माझ्याबरोबर होती. त्यांनी तिला विचारलं, आजी, लेक नीट जेवते का? ती म्हणाली, "आता जेवती. आदी निस्ती खायाची." ते हसले आणि माझ्या कागदावर पुढची तारीख लिहायला लागले.